सासऱ्यांच्या नावाचा हूक

टर्नरने आपल्या सासऱ्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते उकिडवं बसलेलं. तेव्हा ते सासरे झालेले नव्हते. लेथवर एका पंपाचा शाफ्ट कातणं चाललं होतं, तेवढ्यात वर्कशॉपच्या दारात एक रुंद खांद्यांचा, भुवया जळून विरळ झालेला माणूस येऊन उभा राहिला. टर्नरने मान वर करून "काय काम आहे?" असं विचारलं आणि हातातला कट संपवून पुन्हा बघतो तर दारात कुणीच नाही. माणूस मशीनच्या पायाशी बसला होता. खाली पडलेल्या किसातली एक लांब, वेटोळी, निळसर चिप दोन बोटांत धरून तो उजेडात फिरवत होता.

"हे सगळं त्या दांड्यातून निघालं?"

"हो."

"आता याचं काय करणार?"

"भंगारात जाईल."

"म्हणजे चांगलं लोखंड विकत आणायचं, त्यातलं निम्मं जमिनीवर पाडायचं आणि उरेल त्याला काम म्हणायचं?"

टर्नरला राग यायला हवा होता, पण त्या विरळ भुवयांखालचे डोळे हसत होते. तो म्हणाला, "जमिनीवर पडतं म्हणून तर माप बसतं. केसाइतकं कमी-जास्त होत नाही."

"केसाची गोष्ट माझ्या मुलीशी करा," पाहुणा गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाला. "लांब आहेत तिचे. येत्या आठवड्यात बघायला या."

नातेवाइकांना त्यांनी एवढंच सांगितलं, की मुलगा चांगला आहे, धंदा मात्र उधळ्या आहे.

सासरे लोहारकाम करायचे. त्यांची भट्टी नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होती. एका बाजूला कोळशाचा ढीग, मधे ऐरण, मागे पाण्याचं आणि तेलाचं अशी दोन पिंपं, आणि भिंतीवर लहानमोठ्या सांडशांची रांग. आतल्या खोलीत घर. त्या घरात मुलगी वाढली, तिच्या पाठचा मुलगा वाढला. बायको लवकर गेल्यावर दोघांच्या वेण्या-शेंड्या, शाळा, आजारपणं त्यांनी त्याच जाड बोटांनी उरकली. मुलीचं म्हणणं असं, की बाबा वेणी घालायचे तेव्हा डोकं सांडशीत धरल्यासारखं वाटायचं, पण घातलेली वेणी दोन दिवस सुटायची नाही.

सुट्टीच्या दिवशी लेक-जावई जेवायला आले, की तोच वाद नव्याने रंगायचा. ताट वाढेपर्यंत सासऱ्यांना दम निघत नसे.

"ओतारी लोखंडाचं पाणी करतो आणि साच्यात ओततो. पत्रेवाला पत्रा दाबतो, वाकवतो. वेल्डर दोन तुकड्यांचं लग्न लावतो. मी तापवतो, ठोकतो. आमच्यातला कुणी लोखंड कमी करत नाही. जेवढं आलं तेवढंच राहिलं, नुसता आकार बदलला. आमचे जावईबापू मात्र बटाटा सोलावा तसं सोलतात."

"मामा, तुमचा बटाटा सालीसकट खावा लागतो," टर्नर म्हणायचा. "आणि तुमच्या ऐरणीभोवती काळे पापुद्रे पडतात ते काय?"

"ती खपली. खपली पडली म्हणजे कुणी माणूस सोलला असं म्हणत नाहीत."

"आता दोघांनी लोखंड ताटाबाहेर ठेवा," मुलगी दम द्यायची. "नाहीतर दोघांच्याही ताटात तेच वाढीन."

एकदा मात्र सासऱ्यांनी चेष्टा बाजूला ठेवून त्याला एक गोष्ट दाखवली होती. एक जुनी छत्री, मूठ वेताची, वाफेवर वाकवलेली. आणि दुसरी तशाच आकाराची मूठ, पण फळीतून करवतीने कापून काढलेली. दोन्ही त्यांनी ऐरणीच्या कडेला अडकवून ओढल्या. वेताची मूठ कुरकुरली आणि राहिली. फळीची मूठ तिथेच तुटली.

"वेताचा धागा वाकाबरोबर वळतो," ते म्हणाले. "फळीचा धागा सरळ असतो, तुम्ही वाक कापला की तो मधेच तुटतो. लोखंडालाही धागा असतो, जावईबापू. मी ठोकतो तेव्हा तो वळतो. तुम्ही कापता तेव्हा तो कापला जातो. म्हणून मापाचं काम तुमच्याकडे, आणि ज्याच्याखाली माणूस उभा राहणार ते माझ्याकडे."

टर्नरला हे पटलं होतं. पटलं होतं म्हणूनच पुढे जे झालं ते त्याला इतकं जड गेलं.

सासऱ्यांचा उजवा खांदा धरू लागला तेव्हा त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही. मुलगा नावा दुरुस्त करण्याच्या यार्डात कामाला होता, सकाळी जायचा तो संध्याकाळी यायचा. त्याच्यासमोर म्हातारा भट्टीजवळ उभा असायचा, तोंडाने जोरात बोलायचा, आणि घण भिंतीला टेकलेला असायचा. लेकीला वाटलं, गिऱ्हाइकं कमी झाली. ओळखलं जावयाने, तेही चहाच्या कपावरून. सासरे कप डाव्या हाताने उचलायला लागले होते.

मग एका दुपारी ते वर्कशॉपमध्ये आले. आत आल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं. जमिनीवरच्या किसाकडे पाहिलंही नाही.

"एक हूक करून द्याल?"

टर्नर हसला. "मी? सोलून?"

"थट्टा नको. हात वर जात नाही. दोनदा तापवला, दोनदा थंड झाला. ठोकच बसत नाही." ते खिडकीबाहेर बघत बोलत होते. "ऑर्डर घेऊन बसलोय. हलकं काम आहे, गोदामातल्या वजनकाट्याला लटकवायचा आहे. तुम्ही जाड लोखंडी पाटातून कापून द्या. मी भट्टीत घालून काळा करतो, कुणाला कळायचं नाही. आणि हे घरात बोलायचं नाही. मुलीकडे तर नाहीच."

जावई काय बोलणार? ज्या माणसाने आयुष्यात कधी पाण्याचा पेला मागितला नाही, तो हात पसरून समोर उभा होता. टर्नरने शब्द दिला.

कोपऱ्यात जुन्या मशीनचा एक जाड पाट पडून होता. त्यावर खडूने हूक आखला, रेषेवर ओळीने भोकं पाडली, हॅकसॉने मधले सांधे कापले, आणि मिलिंग मशीनवर आतली-बाहेरची गोलाई काढली. काम करताना एक गोष्ट त्याच्या लक्षात आली होती. नेहमीच्या नरम लोखंडाची चिप लांब, मऊ, वेटोळी येते. या पाटाच्या मात्र आखूड, कडक, निळ्या कपच्या उडत होत्या, आणि ड्रिलची धार पुन्हा पुन्हा जात होती. पाट कडक पोलादाचा होता. टर्नर मनात म्हणाला, बरंच झालं, मजबूत होईल. सासऱ्यांना हे सांगावं असं त्याच्या मनातही आलं नाही. चिप ही त्याच्या धंद्यातली गोष्ट. पुढचा जाळ हा त्यांच्या धंद्यातला.

हूक चकचकीत झाला होता. सासऱ्यांनी तो हातात घेऊन तोलला आणि म्हणाले, "देखणा आहे." हे कौतुक होतं की दुःख, ते टर्नरला कळलं नाही. फडक्यात गुंडाळून ते घेऊन गेले. पाटाचा उरलेला तुकडा, हुकाच्या आकाराची भली मोठी खाच पडलेला, टर्नरने लेथच्या मागे सरकवून ठेवला.

त्यानंतर एका सुट्टीच्या दिवशी मेहुणा ताईकडे जेवायला आला. हा मेहुणा म्हणजे घरातला बोलका माणूस. हात धुता धुताच त्याने सुरुवात केली.

"भाऊजी, बाबांनी यार्डाला हूक दिलाय, बघितलात का? आमच्या मोठ्या चेनब्लॉकला लावलाय. आधीचा झिजला होता. मालकीणबाई कारखान्यातून मागवणार होत्या. मी म्हटलं, बाई, घरात लोहार असताना बाहेर कशाला?"

टर्नरचा घास हातातच राहिला. "चेनब्लॉकला? वजनकाट्याला नाही?"

"कसला वजनकाटा? इंजिनं उचलतो आम्ही त्याने." मेहुणा हसला. "सगळे बाजूला सरकतात, मी मात्र इंजिनाखाली हात घालून बोल्ट काढतो. सोबतचे म्हणतात, तुला भीती नाही वाटत? म्हटलं, बापाने घडवलाय, मला कसली भीती?"

"तरी खाली उभं राहू नये," टर्नर म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

"भाऊजी, तुम्ही अगदी ताईसारखं बोलायला लागलात."

"म्हणजे शहाण्यासारखं," बायको आतून म्हणाली, आणि दोघं बहीण-भाऊ हसले.

त्या दिवसापासून तो हूक टर्नरच्या डोक्यातून जाईना. लेथवर उभा राहिला की चकमध्ये फिरणाऱ्या दांड्याच्या जागी त्याला हुकाचा वाक दिसे, आणि त्या वाकाच्या आतून जाणारे, मधेच कापलेले सरळ धागे. फोन वाजला की हात थबके. बायको विचारायची, अहो, कुठे लक्ष आहे तुमचं? तो म्हणायचा, कामाचं टेन्शन आहे. ते खोटंही नव्हतं.

एकदा काहीतरी निमित्त काढून तो यार्डात जाऊन आला. नदीच्या काठाला पत्र्याची उंच शेड, खाली लाकडी ओंडक्यांवर टेकवलेल्या नावा, तेलाचा आणि ओल्या दोरांचा वास. आडव्या तुळईवरून चेनब्लॉक लोंबत होता आणि साखळीच्या टोकाला त्याचा हूक. काळा, खरबरीत, अगदी ऐरणीवरून उतरल्यासारखा. सासऱ्यांनी त्यावर हातोडीचे चार-दोन खोटे ठोकेही उमटवले होते. टर्नरने स्वतः कापला नसता तर तोही फसला असता.

मेहुण्याने लांबून हात केला. त्याच्या डोक्यावर एक छोटं इंजिन हलकेच गिरकी घेत होतं. टर्नर ते खाली येईपर्यंत श्वास धरून उभा राहिला. मग मेहुण्याने विचारलं, "काय भाऊजी, कसं काय येणं केलं?" आणि जिभेवर आलेलं सगळं गिळून तो म्हणाला, "सहज. इकडून चाललो होतो."

परतताना तो भट्टीवर थांबला. सासरे बाकड्यावर बसून खांद्याला तेल चोळत होते.

"मामा, तुम्ही मला वजनकाटा म्हणाला होतात."

सासऱ्यांचा हात थांबला. "पोरगं सगळ्यांना सांगून बसलं होतं, बाबा करतील म्हणून. मी काय सांगायचं? बाबा संपले?"

"पण तुम्हीच मला छत्री दाखवली होती."

"तुम्ही दुप्पट जाड ठेवलाय. जाडीला धरून राहील तो." त्यांनी बाटलीचं बूच लावलं. "एवढे दिवस राहिलाच ना? उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका."

ते टर्नरकडे बघत नव्हते. पण जाडीचं बोलणं अगदीच पोकळ नव्हतं, हे टर्नरलाही माहीत होतं. कापलेला हूक तुटतोच असं नाही. कदाचित वर्षानुवर्षं टिकेलही. त्या कदाचितवर त्याने आणखी काही दिवस ढकलले. सासऱ्यांना दिलेला शब्द एका हातात आणि मेहुण्याचं डोकं दुसऱ्या हातात. तो दोन्ही हात तसेच धरून उभा राहिला.

मग मेहुणा पुन्हा जेवायला आला. खुशीत होता.

"उद्या मोठ्या बोटीचं इंजिन काढायचं आहे. एवढं मोठं आमच्याकडे पहिल्यांदाच आलंय. मालकीणबाई स्वतः उभ्या राहणार आहेत."

"कशाने उचलणार?" टर्नरने विचारलं.

"बाबांच्या हुकाने, आणखी कशाने?"

तो गेल्यावर बायको भांडी आवरताना आपल्याशीच बोलावं तशी बोलली. "त्या हुकाचं एवढं कौतुक चाललंय, पण बाबांचंही वय झालं हो. तो हूक विझवला तेव्हा मी तिथे होते. लालभडक होता, सरळ पाण्याच्या पिंपात घातला. पूर्वी असल्या कामाला ते घाई करायचे नाहीत, राखेत निवत ठेवायचे. आणि पाण्यात घातला तेव्हा टिंग असा आवाज आला. मी म्हटलं, बाबा, तडकला की काय? तर म्हणाले, पिंपाची कडी वाजली."

टर्नर खुर्चीत बसला होता तो बसूनच राहिला. त्याला त्या आखूड, निळ्या, कडक कपच्या आठवल्या. नरम लोखंड तापवून पाण्यात घातलं तर फारसं बिघडत नाही. कडक पोलाद घातलं, तर ते काचेसारखं होतं.

सासऱ्यांना पोलाद कडक आहे हे माहीत नव्हतं, कारण चिपा त्यांनी पाहिल्या नव्हत्या. टर्नरला पाणी माहीत नव्हतं, कारण जाळ त्याने पाहिला नव्हता. दोघांनी आपापल्या धंद्यापुरतं तोंड मिटून घेतलं होतं.

"काय झालं?" बायकोने विचारलं. "चेहरा का उतरला?"

तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. खांदा, दार लोटून घेतलेली दुपार, पाट, काळं करणं. ती ओला हात पदराला न पुसता ऐकत राहिली. पाणी जमिनीवर टपकत होतं.

"माझा भाऊ त्याच्याखाली हात घालतो," ती शेवटी म्हणाली. "आणि तुम्ही दोघं शब्द पाळत बसलात?"

तिने भावाला फोन लावला. लागला नाही. नदीकाठाला त्याचा फोन कधीच लागत नसे. वडिलांकडे फोन नव्हताच. नुसत्या तोंडी सांगण्याला सासरे जुमानणार नाहीत, आणि इंजिन काही दुपारच्या आत सुटायचं नाही, असा हिशेब करून टर्नरने रात्र काढली.

सकाळी उजाडताच टर्नर वर्कशॉपमध्ये गेला. मागे सरकवलेल्या पाटाचा एक कोपरा कापला, गॅसच्या ज्योतीवर लाल केला आणि बादलीत टाकला. निवल्यावर व्हाइसमध्ये धरून हातोडीने मारला. तो वाकला नाही. बिस्किटासारखा तुटला, आणि तुटलेली कड साखरेसारखी चमकली. तो तुकडा खिशात टाकून त्याने स्कूटर काढली.

भट्टी यार्डाच्या वाटेवरच होती. सासरे नुकतेच तोंड धुऊन उभे होते. टर्नरने काही न बोलता तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उलटवून चमकणारी कड पाहिली.

"हाच पाट?"

"हाच. पोलाद कडक होतं. मी सांगायला हवं होतं. आणि तुम्ही पाण्यात घातलात."

"काळा रंग पटकन धरतो पाण्याने," सासरे हळू म्हणाले. मग आणखी हळू, "टिंग ऐकलं होतं मी."

"कडी वाजली म्हणालात."

"मी स्वतःलाही तेच सांगितलं." त्यांनी खुंटीवरचा सदरा ओढला. डावा हात बाहीत गेला, उजवा जाईना. टर्नर मदतीला पुढे झाला तसे ते खेकसले, "राहू दे! गाडी चालू करा." आणि अर्धा सदरा तसाच खांद्यावर टाकून ते मागे बसले.

रस्ता एरवी चार ढांगांचा वाटे, त्या दिवशी संपेना. एका वळणावर दुधाची गाडी आडवी लागली होती. सासऱ्यांनी मागून एवढ्या जोरात "बाजूला घे रे!" म्हणून आवाज टाकला की दूधवाला दचकून कॅन सोडून बसला. टर्नरच्या पाठीवर त्यांचा श्वास भात्यासारखा लागत होता.

शेडमध्ये काम पहाटेच सुरू झालं होतं, हे दोघं पोचले तेव्हा इंजिन बोटीतून सुटलं होतं. हिरवं, तेलकट धूड हवेत लोंबत होतं. चार माणसं साखळ्या धरून होती, मालकीणबाई खुर्ची सोडून उभ्या होत्या, आणि मेहुणा इंजिनाखाली अर्धा वाकून, कुठल्यातरी पायपाला पान्हा लावत होता.

टर्नरने तोंड उघडलं, पण आवाज मागून आला. ओरडले सासरे. मुलाला त्यांनी लहानपणी भट्टीजवळ जाताना जसं हाकारलं असेल तसं.

"मागे हो! बाहेर ये तिथून!"

मेहुणा डोकं बाहेर काढून हसला. "बाबा, तुम्ही? अहो, दोन मिनिटं, हा एक पाइप..."

"बाहेर ये म्हणतो ना! तो हूक मी घडवलेला नाही!"

शेडमधली सगळी माणसं थांबली. मेहुणा इंजिनाखालून निघाला. हातातला पान्हा तसाच होता.

"काय म्हणालात?"

"मी घडवलेला नाही. पाटातून कापलाय. मी वरून रंग चढवला. तडा गेलाय त्याला. हळूहळू खाली घ्या. धक्का देऊ नका."

मालकीणबाईंनी नुसता हात खाली केला. साखळीची एकेक कडी वाजू लागली. प्रत्येक आवाजाला टर्नरला वाटे, हा कडीचा की दुसरा? इंजिन इंचाइंचाने उतरत होतं, मधेच गिरकी घेत होतं, आणि सासरे ओठ हलवत त्याच्याकडे पाहत होते. ते ओंडक्यांवर टेकलं आणि साखळी सैल पडली, तेव्हा कुठे चौघांनी हातातल्या साखळ्या सोडल्या.

हूक काढून बाकावर ठेवला. सासऱ्यांनी रॉकेल मागितलं, खडू मागितला. हूक रॉकेलने भिजवला, फडक्याने कोरडा पुसला, आणि वाकावर खडूची पूड घासली. थोडा वेळ काहीच दिसलं नाही. मग वाकाच्या आतल्या बाजूला, पांढऱ्या पुडीतून एक ओलसर काळी रेघ उमटली. सुताएवढी बारीक, पण पार अर्ध्या जाडीपर्यंत गेलेली. आत मुरलेलं रॉकेल तिथून बाहेर येत होतं.

मेहुण्याने त्या रेघेवर बोट ठेवलं. "मी याच्याखाली होतो," तो म्हणाला. मग वडिलांकडे वळून, "बाबा, हात चालत नाही एवढं सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

सासऱ्यांचा अर्धा सदरा खांद्यावरून घसरला होता, तो त्यांनी डाव्या हाताने वर ओढला.

"चूक माझीही आहे," टर्नर म्हणाला.

"तुमचं नंतर बघतो, भाऊजी," मेहुणा म्हणाला, आणि पान्हा बाकावर टाकून नदीकडे चालू लागला.

यार्डात यापुढे भट्टीवर घडवलेली एकही वस्तू लावायची नाही, एवढं मालकीणबाईंनी शांतपणे सांगितलं, आणि कारखान्याचा शिक्का असलेला हूक मागवला. नंतर बाकीची गिऱ्हाइकंही हळूहळू गेली. भट्टी काही दिवस नुसतीच धुमसली, मग विझली.

मेहुण्याने बापाशी बोलणं टाकलं. घरात दोघं, एकाच खोलीत, आणि निरोप जायचे ताईमार्फत. "बाबांना विचार, औषध आणायचंय का." "त्याला सांग, आणलंय." टर्नरशीही त्याचं तसंच. दारात गाठ पडली तर मान हलवायची, एवढंच. टर्नरला ते वागणं सोसवत नसे, आणि त्याला नावही ठेवता येत नसे. बायको एकदा वैतागून म्हणाली, "मी काय पोस्ट ऑफिस आहे?" तेव्हा भाऊ पहिल्यांदा जरा हसला. पुढे एके दिवशी सासऱ्यांच्या खांद्याचं ऑपरेशन ठरलं आणि दवाखान्यात कोण थांबणार असा प्रश्न निघाला. मेहुणा उशी काखेत मारून आला आणि बापाच्या खाटेशेजारी बसला. ताईने विचारलं, "बोललास?" तो म्हणाला, "झोपलेत ते." पण तो तिथून हलला नाही.

खांदा बरा झाला, पण हात घण उचलण्याइतका पुन्हा झाला नाही. ऐरण आणि सांडश्या विकल्या गेल्या. घर मुलाकडेच राहिलं. सासरे आता लेकीकडे राहतात. सकाळी जावयाबरोबर वर्कशॉपमध्ये जातात आणि दाराजवळच्या चाकावर लोकांच्या सुऱ्या-कात्र्यांना धार लावून देतात. संध्याकाळी चाकाखाली जमलेला लोखंडाचा भुगा ते स्वतःच झाडून भंगारात टाकतात.